भट्टीच्या आधीचा कोळसा

टाटा स्टीलने वेल्समधील पोर्ट टॅलबॉटची शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद केली आणि तिच्या जागी भंगार वितळवणारी विद्युत भट्टी उभारण्याचे ठरवले. ‘विजेवरचे पोलाद म्हणजे हरित पोलाद’ या समीकरणाला त्यामुळे भलतेच बळ मिळाले असून, विदर्भाच्या पोलाद उद्योगाची चर्चाही त्याच आधारावर चालते. हे समीकरण विदर्भाला लागू पडत नाही.

ते खोडणाऱ्यांचा आवडता आक्षेप असा की, कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथे कोळसा जाळून केलेली वीज भट्टीला पुरवली, तर धूर नाहीसा होत नाही, केवळ त्याची जागा बदलते. आक्षेप खरा आहे, परंतु हिशेब मांडला की त्याचे वजन घटते. ग्रॅफाइटच्या कांड्या आणि धातू यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटवून धातू वितळवणाऱ्या आर्क फर्नेसला, स्पंज आयर्न वापरल्यास, टनामागे साधारण 600 युनिट वीज लागते, आणि देशात एका युनिटमागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे विजेचा वाटा अर्ध्या टनाच्या आतच राहतो. याउलट ते स्पंज आयर्न कोळशावर तयार करताना, म्हणजे लोहखनिज न वितळवता त्यातील ऑक्सिजन काढून घेताना, टनामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीचा गौरव करणारे आणि विजेला दोष देणारे असे दोन्ही पक्ष भट्टीपाशीच थांबतात. खरा प्रश्न भट्टीत काय घातले जाते, हा आहे.

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील लोखंडाविषयी रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने लिहिलेला 1882 चा अहवाल नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, पण वरोऱ्याच्या कोळशापासून झोतभट्टीत खनिजाचा भार पेलणारे कठीण इंधन, म्हणजे कोक, तयार होईना. खाणकामाचे नियमही जाचक होते, आणि योजना बारगळली. पुढे जमशेटजींचे पुत्र दोराबजी नागपूरच्या सचिवालयात मुख्य आयुक्तांना भेटायला गेले असता ते जागेवर नव्हते, म्हणून समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तेथील भूस्तरीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिज त्यांच्या नजरेस पडले. कारखाना अखेर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला, आणि विदर्भाच्या वाट्याला खनिज व कोळसा तेवढा उरला.

स्पंज आयर्नच्या किल्नला, म्हणजे फिरत्या आडव्या नळकांड्याला, कोक लागत नाही. त्यामुळे जमशेटजींची योजना जेथे अडली, त्या कोक न होणाऱ्या कोळशावरच घुग्घुसचा स्पंज आयर्न उद्योग उभा राहिला. चंद्रपूर जिल्ह्याला पोलादाच्या व्यवसायात शिरकाव मिळाला तो ज्या सोयीमुळे, तिच्यातच त्याच्या धुराचे कारण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या निर्देशांकात चंद्रपूर देशात चौथे होते. त्यात वीज केंद्रे, सिमेंट आणि खाणी यांचा वाटा मोठा असला, तरी किल्नचा वाटा वगळता येत नाही.

पोर्ट टॅलबॉटचा मार्ग येथे तसाच्या तसा चालणार नाही, कारण ब्रिटन भंगाराची निर्यात करतो, तर भारताचे बरेचसे पोलाद अजून इमारती, पूल आणि वाहनांत वापरात आहे. व्यवहार्य पर्याय महाराष्ट्रातच आहे: रायगड जिल्ह्यातील साळाव व डोलवी येथे 1990 च्या दशकापासून नैसर्गिक वायूवर स्पंज आयर्न तयार झाले, आणि त्या पद्धतीत उत्सर्जन कोळशाच्या तुलनेत बरेच कमी असते. मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनीमुळे ही वाट विदर्भालाही खुली होऊ शकते. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने 12 डिसेंबर 2024 रोजी जाहीर केलेला निकष, म्हणजे हरित म्हणवण्यासाठी टनामागे 2.2 टनांहून कमी उत्सर्जन, योग्य आहे, कारण तो भट्टीचे नाव विचारत नाही, पोलादाचा हिशेब विचारतो. अडचण वायूच्या दराची आहे. युरियाच्या कारखान्यांसाठी 2015 पासून देशी व आयात वायूचा दर एकत्र करून समान ठेवला जातो. तशी सोय कोळशाचे किल्न बंद करणाऱ्या कारखान्यांना ठरावीक मुदतीपुरती दिली पाहिजे, आणि तिचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक कारखान्याने किल्नसकट आपल्या टनामागील उत्सर्जनाचा आकडा दरवर्षी प्रसिद्ध केला पाहिजे.