नकाराचें मोल

उशिरां लाभलेलें यश जुन्या हट्टाला निष्ठेची पदवी देऊं शकतें काय? अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरच्या डेव्हिड, बॉबी व डॅनिस हॅकनी या तीन कृष्णवर्णीय बंधूंची हकीकत वाचली, म्हणजे हा प्रश्न आमच्यापुढें उभा राहतो. 'पंक' हें नांव रूढ होण्यापूर्वींच, १९७५ सालीं, त्यांनीं तशाच द्रुत व आवेशपूर्ण संगीताचें ध्वनिमुद्रण केलें. वडिलांच्या अपघाती निधनानंतर डेव्हिडनें वाद्यवृंदास 'डेथ', म्हणजे मृत्यु, असें नांव दिलें होतें. मृत्यूकडे लोकांनीं भयाविना पाहावें, ही त्याची इच्छा. नांव बदलाल तर करार करूं, असें एका बड्या कंपनीकडून सांगण्यांत आलें. डेव्हिडनें नकार दिला. १९७६ सालीं भावांनीं स्वतःच एका तबकडीच्या ५०० प्रती काढल्या. त्यांची फारशी दखल कोणी घेतली नाहीं. २००० सालीं डेव्हिड वारला. माळ्यावर पडलेल्या फितींतील सात गाणीं २००९ सालीं प्रसिद्ध झालीं, तेव्हां जगानें त्यांस अग्रदूत म्हटलें.

आतां सारेच म्हणतात, डेव्हिडचें बरोबर होतें. पण त्या फिती सांपडल्याच नसत्या तर? आमच्या मतें, नकाराची योग्यता त्याच्या कारणांत असते, फळांत नव्हे. त्याची किंमत मात्र दोघां भावांनींहि मोजली, हें विसरतां कामा नये. म्हणून घरांतल्या हट्टी माणसाचा न्याय करण्यास तीस वर्षें थांबूं नये. त्याचीं कारणें आजच विचारावींत.