मावेल तेवढे

गेल्या मे महिन्यात आमचा भाचा एका परीक्षेच्या निमित्ताने दिल्लीस आला आणि आठवडाभर रामकृष्णपुरममधील आमच्या क्वार्टरात राहिला. परीक्षा आटोपल्यावर त्याने पिशवीतून हातात धरून खेळावयाचे एक यंत्र बाहेर काढले. निंटेंडो कंपनीचे हे ‘स्विच’ यंत्र त्याने साठविलेल्या पैशांतून कुणाकडून तरी वापरलेलेच विकत घेतले होते. मित्राने वाखाणलेला एक नवा खेळ त्याला त्यात उतरवून घ्यावयाचा होता. पण जागा शिल्लक नाही असे सांगून यंत्र अडून बसले होते. बराच वेळ त्या लहानशा पडद्याकडे पाहून तो आम्हांस म्हणाला, “मामा, तुम्हीच सांगा, यातलं काय काढू?”

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहोत. काय ठेवावे आणि काय काढावे याचा निवाडा करण्यात आमची उमेदीची वर्षे गेली. सचिवालयाच्या कार्यपद्धतीत संचिकांचे तीन वर्ग आहेत. ‘अ’ वर्गातील संचिका कायम ठेवावयाची आणि तिचे सूक्ष्मचित्रही काढावयाचे. ‘ब’ वर्गातील कायम ठेवावयाची, पण सूक्ष्मचित्र नको. ‘क’ वर्गातील ठराविक मुदतीपर्यंत, फार तर दहा वर्षे, सांभाळून मग नष्ट करावयाची. असा जाणता माणूस एकोणीस वर्षांच्या मुलाच्या साध्या प्रश्नापुढे निरुत्तर झाला! कारण विचारता विचारता ध्यानात आले की, प्रश्न एका खेळण्यापुरता नव्हता. जागेची मर्यादा ही माणसाची अडचण समजावी की त्याची शिक्षिका, असा तो प्रश्न होता.

आमच्या लहानपणी दूरदर्शन संचाला जोडावयाच्या खेळांच्या ‘कॅसेटी’ मिळत. त्यांतल्या एखादीवर ‘९९९९ खेळ’ असे ठळक छापलेले असे आणि आत पाच-दहाच खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. त्यांतच १९८५ चा ‘सुपर मारिओ’ असे. तो मूळ खेळ अवघ्या ४० किलोबाइटांचा. आकाशातील ढग आणि जमिनीवरील झुडूप ही त्यात एकच आकृती. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा. जागा नव्हती म्हणून कारागिराने एकाच आकृतीकडून दोन कामे करून घेतली, आणि आम्हां मुलांना त्याची शंकाही आली नाही. १९८९ साली ‘गेमबॉय’ हे हातातले यंत्र निघाले. त्याच्याबरोबर आलेला ‘टेट्रिस’ ३२ किलोबाइटांत बसत असे, आणि तो खेळता खेळता लोकांचे तासन् तास जात. १९९६ च्या पहिल्या ‘पोकेमॉन’ खेळाची हकीगत तर याहून हृद्य आहे. काम पुरे होता होता दोष शोधण्याची साधने काढून टाकली गेली, तेव्हा सुमारे ३०० बाइटांची जागा मोकळी झाली. आणि शिगेकी मोरिमोतो या कारागिराने त्या चिमूटभर जागेत ‘म्यू’ नावाचा एक जादा प्राणी गुपचूप बसवून दिला. आजच्या संगणकात देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे ३०० बाइटांत शंभर चिन्हे. पोस्टकार्डावरच्या तीन-चार ओळी. एवढ्या जागेत त्या माणसाने एका पिढीला पुरेल इतके कुतूहल ठेवले.

आता आजचे मान पाहा. २०१७ साली निघालेल्या स्विचच्या पोटात ३२ गिगाबाइट जागा होती. यंत्राचा स्वतःचा संसार वजा जाता खेळणाराच्या हाती सुमारे २६ उरत. त्याच वर्षी आलेला ‘झेल्डा’ मालिकेतील खेळ यातली निम्मी जागा व्यापी. २०१९ साली ‘विचर’ मालिकेतील तिसरा खेळ या यंत्रासाठी आला, तो ३२ गिगाबाइटांच्या कार्डावर. कार्ड न घेता उतरवून घेणाऱ्याला यंत्राची मूळ जागा पुरणे शक्यच नव्हते. ‘स्टीम डेक’ हे हातातले यंत्र २०२२ मध्ये निघाले. त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात ६४ गिगाबाइट जागा होती. आणि पुढल्याच वर्षी निघालेला ‘बाल्डर्स गेट ३’ हा एकटा खेळ १५० गिगाबाइटांची मोकळी जागा मागू लागला. पाहुणा घरापेक्षा मोठा झाला!

येथपर्यंत आल्यावर ‘जुने ते सोने’ म्हणून मोकळे होण्याचा मोह आम्हांस झाला. वाचकहो, परमुलखात नोकरी करणाऱ्या आपणां सर्वांना हा मोह विशेष होतो. पतंजलींनी यमांत अपरिग्रह सांगितला आहे, त्याचा आधारही हाताशी असतो. परंतु या उपदेशात एक खोट आहे. अपरिग्रह हे व्रत आहे, आणि व्रत आपण होऊन घ्यावयाचे असते. ज्याच्यापाशी मोठे कार्ड घेण्यास पैसे नाहीत त्याच्या अपुऱ्या जागेला व्रत म्हणणे ही त्याची थट्टा होय. भाच्याला नवा खेळ वसतिगृहात उतरवून घ्यावयाचा तर दिवसाला २ गिगाबाइटांच्या मोबाइल योजनेत ६० गिगाबाइटांना पुरा महिना लागेल, आणि त्या महिन्यात दुसरे काही पाहता यावयाचे नाही. जुन्या कारागिराने जागेचा भार स्वतःच्या बुद्धीवर घेतला होता. आज तो ग्राहकाच्या खिशावर उतरविला जातो. काटकसर करावयास मेहनत लागते आणि मेहनतीला पैसे पडतात हे आम्हांस मान्य आहे. शिवाय मोठ्या खेळांत अनेक भाषांतील संवाद आणि डोळ्यांचे पारणे फिटावे अशी चित्रे असतात, हेही खरे. पण भिंतीएवढ्या पडद्यासाठी काढलेले चित्र वीतभर पडद्याच्या यंत्रात जसेच्या तसे भरावे, याला औदार्य म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या घरातील जागा आपण न विचारता वापरतो आहोत, ही जाणीव त्यात नाही.

“मोठं कार्ड घ्यायला हवं,” असे भाच्याने म्हटलेच. घ्यावे, आमची ना नाही. पण आमच्या क्वार्टरात पहिले कपाट आले तेव्हा आता घर आवरले असे सौभाग्यवतींना वाटले होते. आज दुसरे कपाट आहे आणि पलंगाखाली तीन ट्रंका आहेत. जागा वाढली की निवड पुढे ढकलली जाते, टळत नाही.

मग आम्ही दोघे यंत्रात काय काय आहे ते पाहू लागलो, आणि एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. खेळ काढून टाकला तरी खेळणाऱ्याने केलेली वाटचाल यंत्र पुसत नाही. तो कोठवर पोचला, काय मिळविले, कोणते दार उघडावयाचे राहिले, याची नोंद निराळी राहते; खेळ पुन्हा आणला की तेथूनच पुढे जाता येते. आणि ही नोंद असते किती? खेळ गिगाबाइटांचा, तर नोंद बहुधा थोड्या मेगाबाइटांची. जे अवाढव्य आहे ते लाखो लोकांपाशी हुबेहूब तसेच आहे. जे केवळ या मुलाचे आहे ते मुठीत मावते. आम्हांस मोठा दिलासा वाटला. मोठे जाऊ द्यावे, लहान जपावे. निवाडा झाला असे वाटले.

भाच्याने तो दिलासा फार वेळ टिकू दिला नाही. “पुन्हा मिळेलच कशावरून?” तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते. निंटेंडोच्या आधीच्या ‘थ्रीडीएस’ या यंत्राच्या दुकानातील खरेदी २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली. केवळ त्याच दुकानात मिळणारे कितीतरी खेळ त्या दिवसापासून नव्याने विकत मिळेनासे झाले. जून २०२५ मध्ये ‘स्विच २’ आले, त्यात २५६ गिगाबाइट जागा. पण त्याच्या काही कार्डांत खेळच नसतो, नुसती किल्ली असते. खेळ कंपनीच्या वखारीतून आणावयाचा. वखार आहे तोवर किल्लीला अर्थ. तेव्हा ‘हे मोठे आहे, ते कुठेही मिळेल’ हा आमचा विश्वास दुसऱ्याच्या शब्दावर उभा होता.

हा विचार आम्हांस झोंबला, त्याला घरगुती कारण आहे. वाईचे आमचे जुने घर यंदा रिकामे करावयाचे आहे. माळ्यावर वडिलांची पुस्तके आणि कागद आहेत. “तुझ्या क्वार्टरात काय मावेल ते कळव, बाकीचं रद्दीत देतो,” असे थोरल्या बंधूंनी कळविले, त्याला चार महिने झाले. आम्ही उत्तर दिलेले नाही. सारे ठेवावयास जागा नाही आणि काही टाकावयास धीर नाही, अशा स्थितीला आम्ही मनातल्या मनात पितृभक्ती असे नाव देऊन ठेवले होते. खरे पाहता ती दिरंगाई होती. आणि ओझे त्या बिचाऱ्या बंधूंच्या माथ्यावर होते.

त्या रात्री कार्यालयातील तीन वर्ग आम्ही घरी आणले. वडिलांच्या हिशेबाच्या सात वह्या, त्यांत दुधाच्या हिशेबाशेजारी पावसाची नोंद असे. या जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. त्या आमच्या ट्रंकेत येतील. जी पुस्तके आजही छापली जातात त्यांचा मोह सोडला. मधला वर्ग मात्र अवघड. ज्यांचे छापखाने कधीच मिटले अशी पुस्तके मोठी जागा मागतात आणि पुन्हा मिळतीलच असे नाही. ती एकट्याने उराशी धरून ठेवणे हा त्यावर इलाज नव्हे. अशासाठीच ग्रंथालये असतात. आणि खेळांसाठीही तशी व्यवस्था समाजाने उभारली पाहिजे, नाहीतर उद्याचा वारसा दुकानदाराच्या मर्जीवर राहील. आम्ही बंधूंना लिहिले की, मधल्या वर्गाचे खोके येथील मराठी मंडळींच्या वाचनालयासाठी पाठवा, वाहतुकीचा खर्च आमचा.

सकाळी भाचा निघाला तेव्हा यंत्रात नवा खेळ उतरला होता. “काय काढलंस?” आम्ही विचारले. त्याने दोन खेळांची नावे सांगितली. तिसरा, सर्वांत मोठा, त्याने ठेवला होता. तो बहिणीबरोबर अर्धा खेळून झाला होता आणि दिवाळीत ती माहेरी यावयाची होती. आमच्या तीन वर्गांत हे कारण कोठेच बसत नव्हते. आम्ही काही बोललो नाही. त्याची पिशवी घेऊन बसथांब्यापर्यंत गेलो.