परतीचा प्रवास, मराठी वळणाचा

कोकणातल्या बेने इस्रायली या मराठी ज्यू समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात जोडपी वाचली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरली ती शमा ही प्रार्थना, सुंता आणि शनिवारचा विसावा. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवणाऱ्या या लोकांना कोकणाने ‘शनिवार तेली’ म्हटले. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली. नवस फेडताना एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा होऊ लागला. मुंबईत सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले; ठाण्यात १८७९ मध्ये ‘शआर हशमाइम’ उभे राहिले.

येरुशलेमला परतण्याची आस त्यांच्या प्रार्थनेत होतीच, पण भारतात त्यांना धर्मापायी कोणी छळले नव्हते. १८९७ मध्ये ज्यूंच्या स्वतंत्र मायभूमीसाठी भरलेल्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचे बोलावणे आले, तेव्हा समाजाच्या धुरीणांनी ते नाकारले. परतणे ईश्वरी इच्छेनेच घडेल, अशी त्यांची श्रद्धा होती. युरोपातल्या ज्यूंना जिवाच्या भीतीने घर सोडावे लागले. बेने इस्रायलींनी मात्र सुखाचे घर सोडून परतायचे ठरवले, आणि म्हणूनच त्यांचा निर्णय अधिक अवघड मानावा लागतो.

तो निर्णय स्वातंत्र्यानंतर झाला. या समाजातले अनेकजण लष्कर, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्यांत नोकरीला होते. इंग्रज गेल्यावर त्या नोकऱ्यांच्या भवितव्याची चिंता होती, आणि १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर धर्मओढीला प्रत्यक्ष वाट मिळाली. तेव्हा सुमारे २० हजार असलेल्या या समाजातली बहुतेक कुटुंबे पुढच्या काही दशकांत निघून गेली. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत त्यांना घरे मिळाली. देश उभारायचा तर बांधकाम, शेती, कारखाना, पडेल ते काम करावे लागे; कचेरीत लेखणी चालवलेल्या हातांना ते जड गेले. त्यात वर्णावरून होणारी हेटाळणी. १९५१-५२ मध्ये काहींनी धरणे धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि काही जण खरोखर परतले. त्यांतल्या अनेकांनी पुढे पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी अर्ज केले. दोन्हीकडे ओढले जाणारे असे मन कोणत्याही परिषदेच्या ठरावात मावणारे नव्हते.

सर्वांत मोठा घाव धर्मपीठाकडून आला. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, आदेशाने बेने इस्रायलींच्या विवाहापूर्वी त्यांच्या वंशाची, विशेषतः आईकडच्या पिढ्यांची, चौकशी होऊ लागली. नवगावापासून शनिवार पाळणाऱ्यांना आपण ज्यू आहोत हे सिद्ध करण्याची पाळी आली! समाज येरुशलेमच्या रस्त्यावर उतरला, निदर्शने झाली, आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. त्यानंतर आदेशातले त्यांचे नावही काढावे लागले. हा विजय त्यांनी स्वतः लढून मिळवला, ही गोष्ट इतिहासात ठळकपणे नोंदवायला हवी.

मराठी मात्र त्यांनी सोबत नेली. इस्रायलमधून ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, तिथे महाराष्ट्र दिन साजरा होतो, आणि मलिदाही होतो. इकडे कोकणातल्या अनेक गावांत सिनेगॉगे उरली, माणसे उरली नाहीत. भारतातले ज्यू आता काही हजारच असून त्यांतले बरेचसे मुंबई-ठाण्यात राहतात. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.