सांधा जुळला, पण पीळ गेला का?



रेमोट कंट्रोलवर उडणारे छोटे विमान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बाल्सा लाकडाच्या हलक्या फासळ्या आणि त्यांवर ताणून बसवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म, असा त्याचा पंख असतो. असे विमान कधी ना कधी पडते, पंख मोडतो. मग मालक इपॉक्सी लावून तो सांधतो. सांधा चांगला पक्का होतो, तरीही हवेत गेल्यावर विमान एका बाजूला झुकत राहते. असे का व्हावे? हा प्रश्न आपल्या आत्मिक जीवनालाही लागू पडतो, असे आम्हांला वाटते.

सांधा पक्का होणे आणि पंख सरळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इपॉक्सी वाळताना पंखाला किंचित पीळ पडला, तर त्याची पुढची कड दुसऱ्या पंखापेक्षा जरा वर राहते. फरक एक-दोन अंशांचाच असतो, सहज नजरेत भरत नाही. पण वारा त्या पंखाला जास्त उचलतो आणि विमान दुसऱ्या अंगाला कलते.

यावर एक झटपट उपाय आहे. हातातल्या ट्रान्समीटरवर ‘ट्रिम’चे बटण असते. ते थोडे सरकवले की पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा किंचित वाकड्या राहतात आणि विमान सरळ उडू लागते. म्हणजे एका वाकडेपणावर दुसऱ्या वाकडेपणाचा उतारा! नेहमीच्या वेगात हे खपून जाते. पण उतरताना वेग कमी होतो, तेव्हा एक पंख दुसऱ्याच्या आधी हवेचा आधार गमावतो आणि विमान जमिनीजवळच कोसळू शकते.

आपल्या घरांतही असेच घडते. दोन भावांत वाटणीवरून भांडण होते. कोणीतरी ज्येष्ठ मध्ये पडतो, समेट होतो, एकमेकांकडे जाणे-येणे सुरू होते. पण एकाने जास्तीचा घेतलेला हिस्सा तसाच राहतो. मग दोघेही ट्रिम लावतात: तो विषय काढायचा नाही, त्या वाटेने जायचे नाही. सणासुदीला सारे ठीक चालते. मात्र आईच्या आजारपणात खर्चाचा प्रश्न आला की जुने सारे वर येते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

काहींना वाटेल, क्षमा केली ना, मग पुन्हा मोजमाप कशाला? संत थॉमस अक्वायनस यांनी 13व्या शतकात या प्रश्नाचा विचार केला. पापाचा दोष क्षमेने जातो, तरी पापाने लागलेला कल मागे राहू शकतो. मात्र तो दुबळा होतो, माणसावर सत्ता गाजवत नाही, असे ते शिकवतात. 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथही सांगतो की, पापमुक्तीने पाप जाते, पण पापाने केलेली सारी हानी भरून निघत नाही. चोरलेले परत करावे लागते, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पुन्हा उजळावे लागते.

म्हणजे भरपाई ही क्षमेची किंमत झाली का? नाही. प्रभू येशू आधी जक्कयच्या घरी गेला. चौपट परत देण्याची गोष्ट जक्कयने त्यानंतर काढली. भरपाई हे क्षमेचे फळ आहे.

मोजावे कसे, हेही विमानवाल्यांकडून शिकण्यासारखे आहे. एक पंख दुसऱ्याशी ताडून भागत नाही, कारण दुसराही वाकडा असू शकतो. म्हणून दोन्ही पंख विमानाच्या मध्यरेषेशी ताडून पाहतात. भांडणात आपण नेमके उलटे करतो. भावाचा वाकडेपणा स्वतःवरून मोजतो. आपली मध्यरेषा ख्रिस्त आहे. त्याच्यासमोर दोघांचेही माप घेतले जाते.

फिल्मच्या पंखातला पीळ काढताही येतो. पंख हलकेच उलट दिशेने पिळून धरायचा, इस्त्रीची ऊब द्यायची आणि थंड होईपर्यंत हात सोडायचा नाही. जोर केला तर फासळी मोडते. ठिगळ दिसत राहते, पण त्याने काही बिघडत नाही. ठिगळाचा पंखही सरळ उडतो. म्हणून ज्याचे चुकले आहे, त्याला त्याचे ठिगळ आयुष्यभर दाखवत राहू नये.

पुढच्या वेळी प्रायश्चित्त संस्काराला जाताना आपण स्वतःला एवढेच विचारू या: ज्याच्याशी समेट झाला, त्याचे माझ्याकडे अजून काय देणे राहिले आहे? एखादा हिस्सा, एखादी रक्कम, कदाचित चारचौघांत सांगायचे राहून गेलेले एखादे सत्य? ते देण्याचे धैर्य प्रभू आपणां सर्वांस देवो.