मातीचा द्रोण आणि दोनातून आठ

महाभारताच्या आदिपर्वात एकलव्य मातीचा द्रोण घडवतो आणि त्याच्यासमोर धनुर्विद्येचा सराव करतो. ऑनलाइन शिक्षणाच्या समर्थकांना ही कथा फार सोयीची वाटते: गुरू समोर नसला तरी अडत नाही! पण पुतळ्याने एकलव्याची एकही चूक दाखवली नव्हती. चूक कळत होती ती निशाणामुळे.

प्लेटोच्या ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिस लेखनाबद्दल अशीच तक्रार करतो. लिहिलेल्या शब्दांना काहीही विचारा, ते तेच ते सांगत राहतात. व्हिडिओही दहा वेळा मागे नेला तरी दहाही वेळा तेच बोलतो. गंमत म्हणजे ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली, ती प्लेटोने लिहून ठेवली म्हणून.

मग ज्ञान असतं कुठे? साधनात, की विचारणारा आणि सांगणारा यांच्यामध्ये?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी छापील पुस्तकात क्यूआर कोड घातले. मोबाइल धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही कोड आले, २०२० साली डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळालं. बोलबाला कोडचा झाला. मुलांची घरची भाषा कन्नड, म्हणून डिसले आधी कन्नड शिकले, हे त्यामानाने कमी सांगितलं जातं. कोड चालला तो त्यानंतर.

त्याच वर्षी, टाळेबंदीत, सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले; अनेक मुलांच्या घरी स्मार्टफोनच नव्हता. भिंत पुस्तकाइतकीच मुकी. पण ती गल्लीत असते, एकाने चुकीचं वाचलं तर दुसरा हसतो.

अ‍ॅपमधल्या चाचणीचं काम निशाणासारखं. ५२ वजा ३८ याचं उत्तर मुलाने २६ लिहिलं की लाल फुली येते. पुन्हा लिहिलं, पुन्हा फुली. तोच मुलगा फळ्यापाशी उभा राहिला आणि बाईंनी “कसं काढलंस?” असं विचारलं, की सांगतो, “दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढले.” मोठ्यातूनच लहान वजा करायचं, हे त्याला शाळेतच कुणीतरी शिकवलेलं असतं.