दैवाआधी तार तपासा

यंत्रमागावर उभा धागा तुटला की माग थांबतो आणि कारागीर तुटलेले टोक शोधतो. नशिबाला बोल लावत बसत नाही. खानदेशातून सुरतेला येऊन स्थिरावलेल्या किती तरी मराठी घरांचे पोट याच सवयीवर चालले. पण तार माणसाच्या डोक्यात बसवलेली असेल आणि ती तुटली, तर घरात पहिला शब्द येतो तो ‘भोग’. एवढा खर्च केला, ऑपरेशन नीट झाले, हाताची थरथर थांबली आणि तरी पुन्हा तेच. म्हणजे प्रारब्ध काही चुकत नाही. दुःख सोसायला हा शब्द बळ देतो, हे खरे. मात्र तो घाईने उच्चारला, तर नेमके काय तुटले आणि ते कुणी सांभाळायचे होते, हे विचारायचे राहूनच जाते.

कंपवातावर डोक्यात तार बसवण्याच्या या उपचाराला डीप ब्रेन स्टिम्युलेशन, थोडक्यात डीबीएस, म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे आलीम-लुई बेनाबिद आणि पिएर पोलाक यांनी १९८७ साली त्याच्या आजच्या रूपाचा पाया घातला. मेंदूच्या खोल भागात बारीक इलेक्ट्रोड, तिथून कानामागून मानेच्या कातडीखाली उतरणारी तार आणि गळ्याच्या हाडाखाली बॅटरीचे यंत्र, अशी ही जोडणी असते. आजार त्याने बरा होत नाही. कंप आणि ताठरपणा आटोक्यात राहतो, तोही प्रवाह चालू असेपर्यंत. बिघाडाच्या जागा बहुतेक ठाऊक झालेल्या आहेत. इलेक्ट्रोड आणि तार यांचा सांधा मानेत आला, तर मान वळताना ताण पडून तिथे तुटण्याचा धोका वाढतो. छातीतले यंत्र कातडीखाली गोल फिरत राहिले, तर तारांना पीळ बसतो. जंतुसंसर्ग झाला, तर कधी सगळेच काढावे लागते. चार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. प्रवाह थांबला की कंप काही मिनिटांतच परतू शकतो; वर्षानुवर्षे यंत्रावर विसंबलेल्या काही रुग्णांच्या तर ते जिवावर बेतते. आज शल्यविशारद तो सांधा मानेत न ठेवता वर कवटीवर बसवतात. तुटलेल्या तारा कुठे तुटल्या, हे कुणीतरी मोजले, म्हणून हा बदल झाला. ‘भोग’ म्हणून फाइल मिटली असती, तर सांधा मानेतच राहिला असता.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव त्या यादीत आहे, पण गीता त्याला पाचवे म्हणते. करण, म्हणजे साधन, त्याच्या आधी येते. पुढच्याच श्लोकांत, केवळ स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरवली आहे. डीबीएसच्या बिघाडात हेच उघडे पडते. कालपर्यंत पेला नीट धरणारा माणूस आज तो धरू शकत नाही. त्याची इच्छा तीच आहे, साधन गेले आहे. म्हणून करणाच्या दोषाला दैवाच्या खात्यात टाकणे ही श्रद्धा ठरत नाही, हिशेबातली चूक ठरते. पाचवे कारण मानायला हरकत नाही; आधीच्या चारांची झडती घेतल्यावर मानावे.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. पेला धरणे ठीक. पण या प्रवाहाने काही रुग्णांचा स्वभावही बदलल्याच्या नोंदी आहेत: कुणी उतावीळ झाला, कुणाचा उत्साह आवरेना. मग यंत्र निव्वळ साधन कसे? ते कर्त्यालाच हात घालते. आपल्या परंपरेने याचे उत्तर एका शब्दात ठेवले आहे: अंतःकरण. मन, बुद्धी, अहंकार यांनाही ती आतले करणच म्हणते. तेव्हा करण आणि कर्ता यांची सीमा चामडीपाशी कधीच नव्हती. यंत्र मनापर्यंत पोहोचते, याने जबाबदारी सैल होत नाही, उलट वाढते; जे इतक्या आत जाते, ते वाऱ्यावर सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: रुग्णाने संमतीपत्रावर सही केली, धोका पत्करला, आता तक्रार कसली? धोका पत्करणे म्हणजे एकटे पडायला संमती देणे नव्हे. दुसऱ्या एका उपकरणाचे उदाहरण पाहा: डीप्यू कंपनीचा एएसआर हा कृत्रिम खुबा २०१० साली जगभरातून मागे घेतला गेला. भारतातल्या रुग्णांसाठी भरपाईचे सूत्र ठरायला २०१८ उजाडले. मधल्या आठ वर्षांतल्या यातनांना प्रारब्ध कसे म्हणायचे? गरीब देशाने असे महागडे उपचार करावेतच का, हा प्रश्नही रास्त आहे, पण तो यंत्र बसवण्याआधीचा. बसवल्यावर दुरुस्ती नाकारणे म्हणजे अर्ध्या विहिरीत दोर कापणे. तिसरा आक्षेप भक्ताचा: जे आले ते ईश्वरार्पण करावे. करावे जरूर, पण समर्पण ज्याचे त्याने करायचे असते. दुसऱ्याच्या तुटलेल्या तारेचे समर्पण डॉक्टर, कंपनी किंवा शासन करू शकत नाही.

ऑपरेशन मुंबईत झाले, तर सुरतेजवळच्या कोसाडच्या छोट्या स्टेशनापासून ती अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि एका कंपनीचे यंत्र तपासायला त्याच कंपनीचे प्रोग्रामर नावाचे उपकरण लागते. म्हणून ऑपरेशनच्या मुहूर्ताआधी चार गोष्टी विचाराव्यात: तपासणी कुठे होईल, दुसऱ्या बॅटरीचा खर्च कोण उचलेल, तार तुटली तर किती दिवसांत पाहिले जाईल, कंपनी बंद पडली तर काय. यंत्राचे ओळखपत्र औषधांच्या डब्यातच ठेवावे. बिघाड झालाच, तर त्याची नोंद करण्याचा आग्रह धरावा. वैद्यकीय उपकरणांच्या अशा नोंदींसाठी देशात २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. देवापुढे हात नंतरही जोडता येतील. त्याआधी तार तपासून घ्या.