वर केलेला हात

२ ऑक्टोबर १९७७. लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियममध्ये बेसबॉलच्या साखळी हंगामाचा शेवटचा दिवस. डॉजर्स संघाचा डस्टी बेकर फलंदाजीला उतरला तेव्हा त्याच्या नावावर त्या मोसमातले २९ होम रन होते. समोर ह्यूस्टनचा जे. आर. रिचर्ड, फलंदाजांना धडकी भरवणारा पिचर. बेकरने चेंडू कुंपणापार धाडला आणि तिसावा होम रन पुरा केला. एकाच संघातल्या चौघांनी एकाच हंगामात तीस-तीस होम रन मारण्याची ती पहिलीच वेळ. बेकर फेरी पूर्ण करून परतला, तर पुढचा फलंदाज त्याच्या स्वागताला उभा होता. ग्लेन बर्क, वय २४. आनंदाच्या भरात बर्कने आपला हात डोक्यावर उंच धरला होता. असा हात कशासाठी, हे बेकरला उमगलं नाही, पण तो वर केलेला हात रिकामा कसा सोडायचा? त्याने आपला तळवा त्यावर जोरात मारला. मग बर्क खेळायला गेला आणि त्यानेही होम रन ठोकला, मेजर लीगमधला त्याचा पहिला. या वेळी हात वर करून बेकर उभा होता.

जगभरचे खेळाडू आज ज्याला हाय-फाइव्ह म्हणतात, त्याची सुरुवात या क्षणापासून झाली असं बहुतेक लोक मानतात. लुईव्हिलचे बास्केटबॉलवालेही त्यावर हक्क सांगतात. तो वाद चालू राहो. शिवाजी पार्कवर विकेट पडली की पोरं धावत येऊन हवेत हात उंचावतात, त्यातल्या एखाद्याला तरी ग्लेन बर्क हे नाव ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. कारण तो हात जगाने घेतला आणि हाताचा धनी मात्र नको म्हटला.

बर्क ऑकलंडचा. शाळेत बास्केटबॉल इतकं सुंदर खेळायचा की त्याला ओळखणारे म्हणत, हा चुकून बेसबॉलकडे गेला. डॉजर्समध्ये तो आला तेव्हा त्याची तुलना थेट विली मेजशी झाली, आणि बेसबॉलमध्ये याहून मोठं कौतुक फारसं उरत नाही. धावायला वाऱ्यासारखा, आणि ड्रेसिंग रूममध्ये तर काय, गाणी, नकला, नाच. संघ हरला तरी बर्क असला की तासाभरात कुणीतरी हसू लागायचं. १९७७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये न्यूयॉर्क यँकीजविरुद्धच्या पहिल्या सामन्यात हा नवखा मुलगा सेंटर फील्डला उभा होता.

बर्क समलिंगी होता. त्याने संघात तसं जाहीर केलं नव्हतं, पण सोबत प्रवास करणाऱ्या, सोबत जेवणाऱ्या माणसांना हळूहळू अंदाज येतोच. तसा तो आला. आणि काही झालं नाही. कुणी त्याच्या शेजारची जागा सोडली नाही, कुणी त्याला चेंडू फेकायचं थांबलं नाही.

घडलं ते वरच्या मजल्यावर. डॉजर्सचे जनरल मॅनेजर अल कॅम्पानिस यांनी बर्कला बोलावून घेतलं. लग्न कर, असा त्यांचा सल्ला होता. केलंस तर मधुचंद्राचा सगळा खर्च क्लब करेल. बर्कने पुढे सांगितलेला आकडा ७५ हजार डॉलरचा आहे. बाईशीच ना, असं विचारून बर्क हसला आणि त्याने नकार दिला.

या प्रसंगापाशी मला थांबावंसं वाटतं. कॅम्पानिस यांनी त्याला शिवी दिली नाही, हाकललं नाही. उलट पैसे देऊ केले, तेही बहुधा आपण त्याचं भलंच करतोय अशा समजुतीने. पण ते पैसे नेमके कशाचे होते? एका खोट्याचे. आणि त्या खोट्यात एक तिसरं माणूसही ओढलं जाणार होतं, ती मुलगी, जिला आपलं लग्न एका बेसबॉल क्लबच्या सोयीसाठी लागतंय हे कधी कळलंच नसतं. आपल्याकडच्या घरांतूनही हा उपाय सुचवला जातो, तोही मायेने. लग्न झालं की होईल नीट, असं म्हणून. त्यात दोन आयुष्यं मोडतात, आणि मोडणारे हात मायेचे असतात.

मे १९७८ मध्ये डॉजर्सनी बर्कला ऑकलंड एज संघाला देऊन टाकलं. बदल्यात आला बिल नॉर्थ, वयाने मोठा, उतरणीला लागलेला. ही अदलाबदल बेसबॉलच्या हिशोबात बसणारी नव्हती, हे संघातल्या प्रत्येकाला दिसत होतं. बातमी कळली तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये खेळाडूंच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्या सहकाऱ्यांना असा माणूस खपणार नाही म्हणून त्याला घालवलं जातं, ते सहकारी रडत होते.

इथे मला याच क्लबची, त्याच्या तीसेक वर्षं आधीची गोष्ट सांगितली पाहिजे. १९४७ मध्ये, तेव्हाच्या ब्रुकलिन डॉजर्सनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेतलं. मेजर लीगमध्ये तोवर कित्येक दशकं फक्त गोरे खेळत होते. संघातल्याच काही गोऱ्या खेळाडूंनी त्याच्याविरुद्ध सह्यांचा अर्ज काढायचं ठरवलं. मॅनेजर लिओ ड्युरोशर यांना सुगावा लागताच त्यांनी पनामातल्या सराव शिबिरात मध्यरात्री सगळ्यांना उठवलं आणि बजावलं, की हा मुलगा खेळणार, ज्याला चालत नसेल त्याने दुसरा संघ शोधावा. क्लबचे प्रमुख ब्रँच रिकी त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले. रॉबिन्सन खेळला, आणि बेसबॉल बदललं.

म्हणजे १९४७ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये विरोध होता आणि वर धैर्य होतं. १९७८ मध्ये ड्रेसिंग रूममध्ये विरोध नव्हता आणि वर धैर्य नव्हतं. खेळाडू तयार नाहीत, प्रेक्षक तयार नाहीत, समाज तयार नाही, असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या भीतीला दुसऱ्यांची नावं देत असतो. विशेष म्हणजे याच कॅम्पानिस यांना १९८७ मध्ये डॉजर्समधून जावं लागलं. कृष्णवर्णीयांच्या अंगी मॅनेजर होण्याजोगे गुण नसावेत, असं ते दूरचित्रवाणीवर बोलून गेले होते, तेही रॉबिन्सनच्या पदार्पणाला चाळीस वर्षं झाली त्या निमित्ताच्या कार्यक्रमात.

बर्कच्या वेळी डॉजर्सचे मॅनेजर असलेले टॉमी लसोर्डा यांचा मुलगाही समलिंगी होता आणि बर्कची त्याच्याशी मैत्री होती. हा मुलगा १९९१ मध्ये एड्समुळे गेला. तो समलिंगी होता हे वडिलांनी जाहीरपणे कधीच मान्य केलं नाही. लसोर्डांवर मला राग धरवत नाही. आपल्याच लेकराच्या बाबतीत ज्याला खरं बोलता आलं नाही, त्याने किती एकट्याने शोक केला असेल!

ऑकलंडमध्ये १९८० साली बिली मार्टिन मॅनेजर म्हणून आले. संघातल्या खेळाडूंच्या आठवणीनुसार त्यांनी सर्वांसमोर बर्कची ओळख एका घाणेरड्या शिवीनेच करून दिली. प्रमुखच असं बोलला की खालच्यांना मुभा मिळते. लॉस एंजेलिसमध्ये जो संघाचा प्राण होता, त्याच्याजवळ इथे काहीजण अंघोळीला उभं राहायलाही कचरू लागले. माणूस तोच होता. गुडघा दुखावला, त्याला खालच्या लीगमध्ये धाडलं गेलं, आणि वयाच्या २७ व्या वर्षी बर्कने खेळ सोडला. २२५ सामने, २ होम रन. विली मेजशी तुलना झालेल्या खेळाडूच्या नावापुढे एवढंच उरलं.

१९८२ मध्ये त्याने एका क्रीडा मासिकातून स्वतःबद्दलचं सत्य जाहीर केलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅस्ट्रो या समलिंगींच्या वस्तीत तो तोवर लाडका झालेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात उंचावून टाळी देणारा, तिथल्या सॉफ्टबॉल स्पर्धा गाजवणारा. पण खेळ गेला होता आणि दुसरं काही येत नव्हतं. मग व्यसन. १९८७ मध्ये गाडीने उडवलं, पाय मोडला. तुरुंग, रस्ता, आजार. शेवटच्या काळात बहिणीने त्याला घरी नेलं, आणि ऑकलंड एजनेही मदत केली. ३० मे १९९५ रोजी एड्सने तो गेला, ४२ व्या वर्षी. समलिंगी माणूस मेजर लीगमध्ये खेळू शकत नाही असं आता कुणाला म्हणता येणार नाही, कारण मी तसा आहे आणि मी खेळलो, असं तो अभिमानाने सांगत असे.

वरच्यांनी आडकाठी केली नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या देशात आहे. मे २०१९ मध्ये ओडिशाची धावपटू द्युती चंद हिने आपलं एका मुलीवर प्रेम असल्याचं सांगितलं. घरून कडाडून विरोध झाला. पण दोनच महिन्यांनी, नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने १०० मीटरमध्ये भारतासाठी सुवर्णपदक जिंकलं. तिला धावायला मिळालं म्हणून ती जिंकली.

बर्कचं काय झालं हे पाहणाऱ्यांत पुढच्या पिढीचे खेळाडू होते. बिली बीन त्यांतला एक. तोही समलिंगी, तोही काही काळ डॉजर्सकडून लसोर्डांच्याच हाताखाली खेळला, आणि त्याने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. बर्क ज्या वसंतात गेला त्याच वसंतात बीनचा जोडीदार वारला. रजा मागितली तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून बीन त्याच्या अंत्यसंस्कारालाही गेला नाही, खेळायला गेला. १९९९ मध्ये, निवृत्तीनंतर, तो उघडपणे बोलला.

२०१४ मध्ये मेजर लीगने त्यालाच सर्वसमावेशकतेच्या कामासाठी नेमलं. त्या वर्षीच्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी ग्लेन बर्कच्या कुटुंबाला बोलावून त्याचा गौरव झाला. डॉजर्सना तो करायला २०२२ साल उजाडलं. बीन २०२४ मध्ये वारला. तोवरची वर्षं तो एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जात राहिला. खेळाडूंशी तर तो बोलायचाच, पण क्लब चालवणाऱ्यांशीही बोलायचा. जनरल मॅनेजरांच्या, म्हणजे कॅम्पानिस जिथे बसत तशाच खोल्यांत जाऊन.